बारावीनंतर आंतरराष्ट्रीय संबंध: विषय घे, पण कर्ज काढू नकोस

प्रश्न कराडच्या एका विद्यार्थिनीचा आहे. बारावी कला शाखा, ८४ टक्के. तिला आंतरराष्ट्रीय संबंध याच विषयात पदवी घ्यायची आहे. एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक घरी आले आहे आणि वसतिगृह धरून तिथली वर्षाची फी वडिलांच्या वर्षभराच्या कमाईला भिडते. वडील म्हणतात, "यात पुढे काय? इथेच बी.ए. कर आणि एमपीएससीला बस." तिला विचारायचे आहे की हा विषय पदवीला घ्यावा का, कुठे घ्यावा आणि त्याचे पुढे काय होते.

मी पुण्यात सत्तावीस वर्षे बी.ए.च्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते आहे आणि त्यातल्या बऱ्याच तासिका याच विषयाच्या आहेत. माझे उत्तर आधीच सांगते: विषय जरूर घे. पण त्या नावाची पदवी मिळावी म्हणून घर गहाण टाकू नकोस. विषय आणि पदवीचे नाव यांची तू गल्लत करते आहेस, आणि त्या माहितीपत्रकाला तीच हवी आहे.

हा विषय आला कुठून, ते आधी बघ. पहिले महायुद्ध संपले, एवढी माणसे का मेली हा प्रश्न उरला आणि १९१९ साली वेल्समधल्या अॅबरिस्टविथ नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन निघाले. तिथे शिकवायला आलेली माणसे इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान यांतून आलेली होती. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले आणि १९७० मध्ये ते जेएनयूत सामील झाले. तिथले काम मुख्यतः एम.ए. आणि पीएच.डी.चे. म्हणजे भारतात हा विषय वरच्या मजल्यावर जन्मला आणि बराच काळ तिथेच राहिला. कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ हा मोठा अपवाद. तिथे १९५६ पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि पदवीलाही तो शिकवतात. बाकी ठिकाणी तो राज्यशास्त्राच्या बी.ए.मध्ये दोन-तीन पेपरांच्या रूपाने असतो. पदवीच्या नावातच 'ग्लोबल अफेअर्स' किंवा 'इंटरनॅशनल स्टडीज' आणणारी खासगी विद्यापीठे गेल्या पंधरा वर्षांतली.

हे सांगण्याचे कारण असे की हा विषय उसनवारीवर जगतो. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, कायदा आणि एखादी परकी भाषा यांच्याकडून घेतलेले काढून टाकले, तर उरतात पाच-सहा सिद्धांत आणि त्यांच्या एकमेकांवरच्या टीका. ते सिद्धांत दोन सत्रांत शिकवून होतात. मग तीन-चार वर्षे करायचे काय? चांगल्या ठिकाणी उत्तर असते: एक प्रदेश नीट शिका. वाईट ठिकाणी उत्तर असते: मॉडेल यूएन, म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवलेली संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटुची सभा.

मॉडेल यूएनला मी नावे ठेवत नाही. मुले कोट घालतात, बोलायला शिकतात, सभाधीटपणा येतो. पण दोन दिवस ब्राझीलचा प्रतिनिधी झालेल्या मुलाला 'ब्राझीलची भाषा कोणती' विचारले तर तो पोर्तुगीजऐवजी स्पॅनिश सांगतो, हे मी एकदा नव्हे, चारदा ऐकले आहे.

आता विषयात असते काय, याची चव देते, म्हणजे तुला तो खरेच आवडतो का ते कळेल.

पहिल्याच महिन्यात तुला 'अराजक' हा शब्द भेटेल आणि मराठीमुळे तो तुला चकवेल. आपल्याकडे अराजक म्हणजे जाळपोळ, लुटालूट. या शास्त्रात अर्थ वेगळा आणि अगदी साधा: राष्ट्रांच्या वर कोणी नाही. गावात बांध कोरला तर तलाठी आहे, मोजणी आहे, कोर्ट आहे. वीस वर्षे तारखा पडतील, पण दार ठोठवायला जागा आहे. दोन देशांचा बांध कोरला गेला तर? संयुक्त राष्ट्रे आहेत, हेगला न्यायालय आहे, पण पोलीस पाठवून निकाल बजावणारा मामलेदार नाही. मग प्रत्येकजण स्वतःची काठी जाड करतो. शेजाऱ्याला वाटते, ही काठी माझ्यासाठीच. तो कुऱ्हाड आणतो. दोघांच्याही मनात भांडण नव्हते, तरी दोघेही आधीपेक्षा जास्त घाबरलेले. याला सुरक्षेचा पेच म्हणतात आणि जॉन हर्झ यांनी १९५० च्या सुमारास तो या नावाने मांडला. मघाचे सिद्धांत इथे वेगळे होतात. वास्तववादी म्हणतील, हे असेच चालणार. उदारमतवादी म्हणतील, व्यापार आणि संस्था वाढल्या की काठीची गरज घटते. रचनावादी विचारतील, शेजारी 'शेजारी' आहे की 'वैरी', हे ठरवले कोणी? अमेरिकेला ब्रिटनच्या शेकडो अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या मूठभर अण्वस्त्रांची धास्ती जास्त का? हा शेवटचा प्रश्न वाचून तू पुस्तक खाली ठेवलेस आणि विचार करत बसलीस, तर विषय तुझा आहे. 'परीक्षेला किती मार्कांना येतो' हे आधी आठवले, तर वडिलांचे ऐकलेले बरे.

आणि हे सगळे परदेशी पुस्तकांतच आहे असे समजू नकोस. कौटिल्याचे मंडल, म्हणजे शेजारी तो शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र, हे सगळेच सांगतात, परीक्षेतही तेच येते. मी मुलांना रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र वाचायला लावते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा माणूस सांगतो की टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकारी म्हणजे व्यापार करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या मागे त्यांची राज्ये उभी आहेत, त्यांना मुलूख हवा आहे, आरमार हे त्यांचे बळ आहे, म्हणून त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये. व्यापारामागे सत्ता कशी चालते याचे एवढे नेमके वर्णन प्लासीच्या चाळीसेक वर्षे आधी मराठीत लिहिलेले आहे. बंदरे, कर्जे आणि महासत्ता यांवर आज जे लेख येतात, ते वाचताना मला अमात्यच आठवतात.

मूळ कागद वाचण्याचा हा हट्ट मला एका फजितीने लागला. बी.ए. झाल्यावर मी दिल्लीत एम.ए.च्या प्रवेशासाठी मुलाखतीला गेले होते. सिद्धांत पाठ, नावे पाठ. समोरचे प्राध्यापक म्हणाले, महाराष्ट्रातून आलात, मग वसईच्या तहात पेशव्याने काय दिले ते सांगा. मी थाटात तारीख सांगितली, ३१ डिसेंबर १८०२. त्यांनी पुन्हा विचारले, तारीख नको, दिले काय? मला 'तैनाती फौज' या दोन शब्दांपलीकडे काही येईना. प्रवेश हुकला.

परत येऊन मी तो तह वाचला. हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून हरलेला बाजीराव पळत वसईला गेला आणि तिथे त्याने सही केली. कंपनीची फौज कायमची ठेवून घेतली. तिच्या खर्चापोटी सालिना २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मान्य केला. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतले युरोपीय चाकरीत ठेवायचे नाहीत. आणि ज्या कलमाकडे आपण पाहतच नाही ते असे: कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. गादी राहिली, पुणे राहिले, पण परराष्ट्र धोरण गेले. सार्वभौमत्व म्हणजे काय, यावर मी आता व्याख्या सांगत नाही, हे कलम वाचायला देते.

हीच सवय आजच्या बातमीला लाव. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मी मुले 'करार रद्द झाला' म्हणत होती, आणि काही वाहिन्याही. मी कराराचा मसुदा पडद्यावर लावला. १९६० चा करार, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेला. रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. शेवटच्या, म्हणजे बाराव्या कलमात लिहिले आहे की दोन्ही सरकारांनी दुसरा करार करून संपवेपर्यंत हा चालूच राहील. एकट्याने बाहेर पडायचे दार त्यात नाहीच. मग 'स्थगित' हा शब्द का निवडला असेल? तो तास संपायला दीड तास लागला. पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन दोनदा घसा खाकरून गेले.

कराड-साताऱ्याकडे उसाचे उदाहरण जवळचे वाटेल, पण माझे आवडते उदाहरण कांद्याचे. निफाडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याला वाटायचे की आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे व्हाइट हाऊस. मी त्याला म्हटले, तुझ्या घरच्या कांद्यावर प्रकल्प कर. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी झाली आणि थोड्याच दिवसांत बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. तिथल्या उद्योजकांच्या सभेत त्या हसत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगितले आहे, कांदा न घालता कर. बंदी घालणार असाल तर जरा आधी सांगत जा. सभा हसली, पण त्या हसण्यात तक्रार होती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी. आणि बंदी चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा सरकारने मुद्दाम परवानगी देऊन सहकारी निर्यात संस्थेमार्फत पाठवू दिला. लासलगावात भाव पडलेला, आणि तोच कांदा दिल्लीत मैत्रीचा नजराणा झालेला. त्या मुलाने आडतीवरचे दर, सरकारी अधिसूचना आणि ढाक्यातल्या इंग्रजी पेपरांतल्या बातम्या शेजारी शेजारी मांडल्या. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला तो सर्वात चांगला पदवी प्रकल्प. त्याची इंग्रजी बेताचीच होती.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे, तर तुझ्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकते. मराठी माध्यम आडवे येईल, पण पहिले वर्षभरच. बोलण्याच्या इंग्रजीची भीती सोड, वाचण्याची वाढव. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर रोजची निवेदने असतात. एखाद्या भेटीनंतर आपले निवेदन आणि त्या दुसऱ्या देशाचे निवेदन, दोन्ही उतरवून घे. कोणता शब्द एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, त्याखाली पेन्सिलीने रेघ मार. आठवड्याला एक जोडी. वर्षात पन्नास होतात. एवढे करणारी मुले मला दरवर्षी एक-दोनच भेटतात, आणि ती पुढे कुठेही अडत नाहीत.

नकाशाचेही तसेच. दर सोमवारी मी कोरा नकाशा देते. होर्मुझ, बाब-अल-मंदेब, मलाक्का या जहाजांच्या अरुंद वाटा, आणि सिलिगुडीचा जेमतेम २०-२२ किलोमीटरचा चिंचोळा पट्टा. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा नाशिकची युरोपला जाणारी द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून गेली, जास्त दिवस आणि जास्त भाडे देऊन. बाब-अल-मंदेब कुठे आहे, हे त्या हंगामात बागायतदारांना आमच्या विद्यार्थ्यांआधी कळले होते.

आता भाषा. याबाबत मी हट्टी आहे. पदवीच्या काळात एक परकी भाषा कामापुरती आलीच पाहिजे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे. जपानीची तर पुण्याला जुनी परंपरा आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जाते आणि एन-३ च्या पुढे गेलेल्या मुलीला चाकण-तळेगावच्या कंपन्यांत दुभाष्याचे काम मिळू शकते. हा झाला पोटापाण्याचा हिशेब. अभ्यासाचा हिशेब विचारशील तर चिनी, फारसी किंवा अरबी घे. शेजाऱ्यांच्या भाषा आपल्याकडे फार थोडे शिकतात. बांगलादेशावर मते असलेली शंभर मुले मला माहीत आहेत. बंगाली वाचता येणारी दोन.

तुला भाषाच मुख्य करायची असेल तर जेएनयूत परकीय भाषांचे बी.ए. ऑनर्स आहे. प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो आणि फी खासगी विद्यापीठांच्या तुलनेत नगण्य आहे. तिथे चिनी किंवा कोरियन घेऊन, शेजारच्या इमारतीतली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची व्याख्याने ऐकत पदवी केलेली मुलगी मला कोणत्याही 'ग्लोबल' पदवीपेक्षा तयार वाटते. तुझ्या घरून दिल्लीला पाठवतील का, हा वेगळा प्रश्न.

नाही पाठवले तर पुण्यात किंवा मुंबईत जुन्या अनुदानित महाविद्यालयात बी.ए. कर. नव्या रचनेत मेजर, म्हणजे मुख्य विषय, राज्यशास्त्र घे; मायनर, म्हणजे दुय्यम, अर्थशास्त्र. इतिहासही चालेल, पण अर्थशास्त्राला घाबरून इतिहास घेत असशील तर घेऊ नकोस. व्यापार, निर्बंध, कर्ज हे न कळता आज या विषयात काही कळत नाही. चौथे वर्ष केलेस तर ऑनर्स मिळते आणि पुढचे एम.ए. एका वर्षाचे होते. कराडमध्येच राहिलीस तरी बी.ए. होईल, पण भाषेचा वर्ग, ग्रंथालय आणि बरोबरीची चार वेडी मुले तिथे मिळणे अवघड. खर्च करायचाच असेल तर पुण्यातल्या खोलीवर कर, माहितीपत्रकातल्या 'परदेशी अभ्यासदौऱ्या'वर नको. खासगी विद्यापीठांतही उत्तम शिकवणारे आहेत, माझे काही मित्र तिथे आहेत. भरघोस शिष्यवृत्ती मिळत असेल तर बेलाशक जा. शिष्यवृत्तीविना, कर्जावर, नको.

परदेशात पदवीसाठी जावे का? तुझ्या परिस्थितीत नको. मदत देणाऱ्या बहुतेक योजना पुढच्या टप्प्यावर आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज तशीच, ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग मास्टर्ससाठी आणि तीही कामाच्या अनुभवानंतर, युरोपीय संघाची इरास्मस मुंडसही मास्टर्सला. एकविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या पैशाने जाता येते तिथे अठराव्या वर्षी बापाच्या पैशाने कशाला जायचे?

राहता राहिला वडिलांचा प्रश्न, पुढे काय. त्यांना माझे नाव सांगून खरे सांग. परराष्ट्र सेवेत देशभरातून दरवर्षी तीस-चाळीस, फार तर पन्नास-पंचावन्न मुले जातात. त्यासाठी या विषयाची पदवी लागत नाही, कोणतीही चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे तिथवर गेले, जपानपासून न्यूयॉर्कपर्यंत राहिले, ते दिल्लीतली कुठली 'ग्लोबल' पदवी घेऊन नव्हे. फायदा एवढाच की यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे आणि त्यातला दुसरा पेपर बहुतांशी याच अभ्यासाचा. एक वाट मुलांना माहीतच नसते: स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते, आणि पुढे वकिलातींत नेमणुकाही मिळतात. यूपीएससीवर सात वर्षे घालवण्याआधी ही जाहिरात वाचावी. मी सदाशिव पेठेच्या खोल्यांत तिशी गाठलेले विद्यार्थी पाहिले आहेत, म्हणून सांगते.

माझी बाकीची मुले कुठे आहेत? एक मुंबईच्या बँकेत एलसीचे, म्हणजे आयात-निर्यातीच्या पैशांची बँकेने दिलेल्या हमीचे, कागद तपासते; जहाज, माल किंवा खरेदीदार निर्बंधांच्या यादीत आहे का, हे पाहणे तिचे काम. एकजण न्हावाशेव्यात मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. दोघे पत्रकारितेत. एक परदेशी वाणिज्य दूतावासात स्थानिक कर्मचारी. संशोधन संस्थेत गेलेले तीन, आणि तिघांनीही एम.ए. केल्याशिवाय तिथे दार उघडले नाही; मुंबईचे गेटवे हाऊस, दिल्लीचे आयडीएसए, ओआरएफ अशा ठिकाणी पदवीच्या जोरावर फार तर इंटर्नशिप मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप तर बिनपगारी, न्यूयॉर्कचा खर्च आपला आपण. निफाडचा तो मुलगा कांद्याच्याच निर्यातीत आहे आणि त्याची मिळकत माझ्यापेक्षा जास्त आहे, हे वडिलांना आवर्जून सांग.

सध्या एवढे कर. सीयूईटीचा अर्ज या वर्षी भरला होतास का ते कळव. नसेल तर जेएनयूचा विचार पुढच्या वर्षावर टाकावा लागेल आणि तोवर पुण्याचा प्रवेश घ्यावा. रानडेत पहिल्या पातळीच्या वर्गांची चौकशी महाविद्यालयाच्या प्रवेशाबरोबरच कर, वेळापत्रक जुळवायला सोपे जाते. माहितीपत्रक पाठवणाऱ्यांचा फोन पुन्हा येईल. त्यांना दोनच गोष्टी विचार: तिसऱ्या वर्षाला कोणता प्रदेश कोण शिकवते, आणि भाषेचे किती तास आहेत. काय सांगतात ते मला लिहून पाठव.